संगणकाचे नेहमीचे शब्द आणि त्यांचे अर्थ

बँकेकडून आल्याचे भासविणारा एक संदेश भ्रमणध्वनीवर येतो : ‘आपले केवायसी संपले आहे. सोबतची फाइल डाउनलोड करा आणि ओटीपी कळवा.’ या छोट्याशा मजकुरात चार परके शब्द आहेत. चारही शब्द कानांना परिचित आहेत. परंतु त्यांचा नेमका अर्थ विचारला तर आपल्यापैकी अनेकांना तो सांगता येणार नाही. अर्थ ठाऊक नसला की मनुष्य समोरच्याच्या सांगण्यावर विसंबतो, आणि काही मिनिटांत आयुष्यभराची पुंजी खात्यातून नाहीशी होते. कधी नुकसान पैशाचे नसते. ‘फॉरमॅट’ या शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे घरातल्या लग्नाची, मुलांच्या बालपणाची सारी छायाचित्रे पुसली जातात आणि ती परत मिळत नाहीत.

संगणकाच्या परिभाषेतील बहुतेक शब्द हे मुळात साधे, घरगुती इंग्रजी शब्द आहेत. मूळ अर्थ समजला की तांत्रिक अर्थही सहज उमगतो आणि मनातली भीती कमी होते. म्हणून नित्य कानावर पडणारे शब्द निवडून, त्यांचे मूळ आणि आजचा अर्थ आम्ही येथे क्रमाने देत आहोत. वाचकांनी हा लेख एका बैठकीत वाचावा असे नाही; हाताशी ठेवून गरजेप्रमाणे पाहावा.

यंत्राचे शब्द

कॉम्प्युटर : इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकापासून आढळतो, आणि त्या काळी त्याचा अर्थ यंत्र असा नसून ‘आकडेमोड करणारा मनुष्य’ असा होता. वेधशाळांतून व पुढे अवकाश संशोधनातही अशी गणिते करण्यासाठी माणसे नेमलेली असत. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. विसाव्या शतकाच्या मध्यास हे काम यंत्राकडे गेले आणि माणसाचे पदनाम यंत्राला मिळाले. मराठीतील ‘संगणक’ हा शब्दही गणना करणारा याच अर्थाचा आहे. फ्रेंच भाषेने मात्र वेगळी वाट धरली. १९५५ मध्ये आयबीएम कंपनीच्या फ्रान्समधील शाखेने नव्या यंत्रासाठी नाव विचारले, तेव्हा लॅटिनचे प्राध्यापक जाक पेरे यांनी ‘ऑर्दिनातर’ हा शब्द सुचविला. जगाला सुव्यवस्था देणारा परमेश्वर, या अर्थाने तो फ्रेंच शब्दकोशात पूर्वीच होता, असे त्यांनी आपल्या पत्रात नमूद केले होते. फ्रान्समध्ये आजही संगणकाला हेच नाव आहे.

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर : आपल्या गावांतील हार्डवेअरच्या दुकानात खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे मिळतात. इंग्रजीतला हार्डवेअरचा जुना अर्थ तोच, म्हणजे धातूचे सामान. संगणकाचा जो भाग हाताला लागतो तो हार्डवेअर : पडदा, कळफलक, आतील चकत्या आणि तारा. या यंत्राने काय करावे हे सांगणाऱ्या लेखी सूचनांना सॉफ्टवेअर म्हणतात. हा शब्द संगणकाच्या संदर्भात छापून आणणाऱ्यांत गणितज्ञ जॉन टुकी हे आरंभीचे होत. त्यांचा लेख १९५८ चा आहे. मराठीत त्यास ‘आज्ञावली’ असे सुंदर नाव आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम आणि अ‍ॅप : यंत्र सुरू होताच जी मुख्य आज्ञावली सारा कारभार हाती घेते ती ऑपरेटिंग सिस्टीम होय. विंडोज, अँड्रॉइड, लिनक्स ही तिची उदाहरणे. तिच्या आश्रयाने विशिष्ट काम करणाऱ्या आज्ञावलीस ‘अ‍ॅप्लिकेशन’ म्हणतात. त्याचेच संक्षिप्त रूप ‘अ‍ॅप’. पत्र लिहिण्याचे, पैसे पाठविण्याचे, हवामान पाहण्याचे अ‍ॅप वेगवेगळे असते.

बूट करणे : येथील बूट पायातलाच आहे. उंच बुटाच्या मागच्या बाजूस तो ओढून चढविण्यासाठी एक पट्टी असते. त्या पट्टीला धरून स्वतःच स्वतःला वर उचलावे, अशी एक अशक्य गोष्ट सांगणारा वाक्प्रचार इंग्रजीत आहे. बंद संगणकाची स्थिती तशीच असते. आज्ञावली चढविण्यासाठी आधी एक आज्ञावली लागते! म्हणून यंत्रात कायमची कोरलेली एक लहानशी आज्ञावली प्रथम जागी होते आणि ती मोठीला जागे करते. या क्रियेला बूट करणे व पुन्हा करण्याला रीबूट म्हणतात.

रॅम आणि स्टोरेज : या दोहोंत फार गोंधळ होतो. स्टोरेज हे कपाट समजावे. त्यात ठेवलेली वस्तू वीज गेली तरी जागेवर राहते. रॅम म्हणजे कामाचे टेबल. कपाटातील कागद काढून त्यावर मांडल्यावरच काम करता येते. यंत्र बंद होताच टेबल रिकामे होते. ‘सेव्ह’ करणे याचा अर्थ टेबलावरील कागद कपाटात ठेवणे. टेबल लहान असेल तर यंत्र मंद चालते. कपाट भरले असेल तर नवे छायाचित्र ठेवायला जागा उरत नाही. दुकानदार दोन्ही आकडे सांगतो, तेव्हा कोणता कशाचा हे आपण विचारून घ्यावे.

माउस, कर्सर आणि आयकॉन : माउस हे साधन डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जाहीरपणे दाखविले. त्याचा पहिला नमुना लाकडी पेटीचा होता. मागून शेपटीसारखी तार, म्हणून उंदीर. ‘कर्सर’ हा लॅटिनमध्ये धावणारा. पडद्यावर आपली जागा दाखवीत जो धावतो तो कर्सर. ‘आयकॉन’ हा ग्रीक शब्द आपल्या परिचयाचा आहे. पौर्वात्य चर्चमधील ज्या पवित्र चित्रांना आपण आयकॉन म्हणतो तोच हा शब्द. प्रतिमा हा त्याचा अर्थ. पडद्यावरील लहान चित्र त्यामागच्या अ‍ॅपकडे किंवा फाइलकडे नेते.

मोजमापाचे शब्द

डिजिटल : लॅटिनमधील ‘डिजिटस’ म्हणजे हाताचे बोट. बोटांवर मोजण्याच्या सवयीतून त्याला अंक हा अर्थ आला. जे अंकांत मांडलेले आहे ते डिजिटल. छायाचित्र, गाणे, पत्र, पैसे, सारे संगणकात अंकांच्याच रूपाने असते.

बिट आणि बाइट : संगणक शून्य आणि एक हे दोनच अंक जाणतो. असा एक अंक म्हणजे एक बिट. ‘द्विमान अंक’ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांना जोडून हे नाव जॉन टुकी यांनी सुचविले, आणि १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांच्या प्रसिद्ध निबंधातून ते रूढ झाले. आठ बिटांचा एक बाइट होतो. एका बाइटात शून्य व एकाच्या २५६ निरनिराळ्या रचना करता येतात. बाइट हा शब्द आयबीएममधील वर्नर बुखहोल्ट्स यांनी १९५६ मध्ये योजला.

किलोबाइट, मेगाबाइट, गिगाबाइट : सुमारे हजार बाइटांचा एक किलोबाइट, हजार किलोबाइटांचा एक मेगाबाइट, हजार मेगाबाइटांचा एक गिगाबाइट. काही आज्ञावल्या हजाराऐवजी १०२४ धरून हिशेब करतात. त्यामुळे विकत घेतलेल्या साधनावर लिहिलेला आकडा आणि पडद्यावर दिसणारा आकडा यांत फरक पडतो. प्रत्येक वेळी त्यात फसवणूकच असते असे नाही.

इंटरनेटचा वेग : वेग बिटांत सांगतात आणि फाइलचा आकार बाइटांत. १०० मेगाबिटची जोडणी घेतली तर सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हे, तर अधिकात अधिक साडेबारा मेगाबाइट उतरतात. हा आठपटीचा फरक ध्यानात ठेवल्यास जोडणी घेताना अपेक्षाभंग होत नाही.

पिक्सेल : ‘चित्राचा घटक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे हे संक्षिप्त रूप. पडद्यावरचे चित्र असंख्य रंगीत ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपका एक पिक्सेल. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. ठिपके अधिक म्हणजे चित्र अधिक चांगले, असे मात्र म्हणता येत नाही. भिंगाचा दर्जा व प्रकाश यांवरही ते अवलंबून असते.

लिपीचे शब्द

फॉन्ट : चर्चमध्ये स्नानसंस्काराच्या कुंडालाही इंग्रजीत फॉन्ट म्हणतात, परंतु दोन्ही शब्दांचे कूळ वेगळे आहे. कुंडाचा फॉन्ट लॅटिनमधील झऱ्यापासून आला, तर अक्षरांचा फॉन्ट फ्रेंचमधील ओतकामापासून. छपाईसाठी शिशाचे खिळे ओतले जात. एका घडणीच्या अक्षरांचा संच म्हणजे फॉन्ट. संगणकात तो अक्षरांच्या आकारांचा संच झाला.

युनिकोड : मराठी वाचकाने हा शब्द अवश्य समजून घ्यावा. संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराचा क्रमांक साठवितो. पूर्वी मराठीचे निरनिराळे फॉन्ट आपापले क्रमांक योजीत. एका यंत्रावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्या यंत्रावर तोच फॉन्ट नसल्यास रोमन अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन गुंता होऊन दिसे. जुन्या मराठी संकेतस्थळांवर ‘आधी हा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना असे, ती यामुळेच. युनिकोडने जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एकच क्रमांक ठरवून दिला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरीची मांडणी करताना ‘इस्की’ या भारतीय संकेताचा आधार घेण्यात आला. ‘अ‍ॅ’ या उच्चारासाठी मराठीत लिहितात त्या ‘ॲ’ या अक्षराला स्वतःचा क्रमांक मात्र २००८ मध्ये मिळाला.

याचा एक व्यावहारिक परिणाम असा. महाजालावर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘वसई’ हे नाव नऊ बाइटांत मावते. रोमन लिपीत लिहिल्यास ते पाच बाइटांत मावते. साध्या लघुसंदेशातही इंग्रजीची १६० अक्षरे बसतात, तर देवनागरीची चिन्हे ७० च बसतात, आणि काना-मात्रा-वेलांटी यांची गणना स्वतंत्र होते. पूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेली कागदपत्रे, धर्मग्रामांच्या जुन्या स्मरणिका व संस्थांची इतिवृत्ते ज्यांच्याजवळ असतील, त्यांनी ती वेळीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत. तो फॉन्ट उपलब्ध होईनासा झाला, तर अक्षरे असूनही मजकूर वाचता येणार नाही.

जाळ्याचे शब्द

इंटरनेट आणि वेब : हे दोन शब्द समानार्थी वापरले जातात, ते तसे नाहीत. जगभरच्या संगणकांना जोडणारे जाळे म्हणजे इंटरनेट. त्या जाळ्यातील संगणकांनी एकमेकांशी ज्या समान नियमांनी बोलावे, ते नियम १ जानेवारी १९८३ पासून लागू झाले. वेब ही त्या जाळ्यावरून चालणारी एक सेवा आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये तिची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्वांसाठी मोफत खुली केली. रस्ता इंटरनेटचा, त्यावरून धावणारी एक गाडी वेबची. ईमेल ही दुसरी गाडी. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली.

ब्राउझर आणि सर्व्हर : ‘ब्राउझ’ म्हणजे शेळीने इकडचा पाला, तिकडचा पाला खात फिरावे तसे चरणे. त्यावरून पुस्तके चाळणे आणि मग संकेतस्थळे पाहणे असा अर्थ आला. ती दाखविणारी आज्ञावली म्हणजे ब्राउझर. ‘सर्व्हर’ म्हणजे सेवा करणारा. वेदीवर सेवा करणाऱ्या मुलांनाही आपण सर्व्हर म्हणतो. मागणी येताच हवे ते पान पुरविणारा, दिवसरात्र चालू असलेला संगणक तो सर्व्हर. ‘सर्व्हर डाउन आहे’ असे कार्यालयात सांगतात, तेव्हा तो दूरचा सेवक उत्तर देत नाही, एवढाच अर्थ असतो.

कुकी : एखादे संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये ठेवून देते ती छोटी चिठ्ठी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोन्टुली यांनी ही युक्ती वेबसाठी योजली. आपण कोण आहोत याची आठवण संकेतस्थळाला राहावी, हा तिचा उपयोग. मात्र आपण कुठे कुठे जातो याचा माग काढण्यासाठीही जाहिरातदार तिचा वापर करतात. अनुमती विचारली गेल्यास आवश्यक तेवढ्याच कुकी स्वीकाराव्यात.

वाय-फाय आणि ब्लूटूथ : वाय-फाय हे कोणत्याही शब्दांचे संक्षिप्त रूप नाही, बिनतारी जोडणीसाठी १९९९ मध्ये मुद्दाम घडविलेले ते व्यापारी नाव आहे. ब्लूटूथ म्हणजे ‘निळा दात’. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याचे ते टोपणनाव. त्याने राज्याचे विखुरलेले भाग एकत्र आणले, तसेच डेन लोकांना ख्रिस्ती केले, असे त्याने उभारलेल्या येलिंग येथील शिलालेखात कोरलेले आहे. निरनिराळी साधने जवळच्या अंतरात जोडणाऱ्या तंत्राला हे नाव १९९० च्या दशकात इंटेलचे अभियंता जिम कार्डाच यांनी तात्पुरते म्हणून सुचविले. ते कायमचे झाले.

क्लाउड : अभियंते आपल्या आकृत्यांत दूरच्या जाळ्याचा तपशील न दाखविता तेथे एक ढग काढीत. त्यावरून हे नाव आले. आपली छायाचित्रे क्लाउडवर आहेत याचा अर्थ ती आकाशात तरंगत नाहीत. ती एखाद्या कंपनीच्या इमारतीतील संगणकांवर, तिच्या अटींनुसार ठेवलेली आहेत. खात्याचा परवलीचा शब्द हरवला किंवा भाडे थकले, तर त्या कपाटाची किल्ली आपल्या हाती राहत नाही.

दुखण्याचे शब्द

बग : म्हणजे किडा, आज्ञावलीतील दोष. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या संगणकात अडकलेला एक पतंग सापडला. तो नोंदवहीत चिकटवून, ‘खरोखरचा किडा सापडल्याची पहिली घटना’ अशा अर्थाची नोंद करण्यात आली. हा शब्द येथूनच जन्मला असे सांगितले जाते, परंतु ते खरे नाही. थॉमस एडिसन यांनी १८७८ मधील एका पत्रात यंत्रातील दोषाला हाच शब्द वापरला होता. किंबहुना शब्द जुना होता म्हणूनच त्या नोंदीतील विनोद साधला.

व्हायरस, वर्म आणि ट्रोजन : व्हायरस हा लॅटिन शब्द विषाचा वाचक. जी दुष्ट आज्ञावली दुसऱ्या फाइलला चिकटून पसरते ती व्हायरस. जी स्वतःच्या बळावर जाळ्यातून पसरते ती वर्म, म्हणजे जंत. ट्रोजन हे नाव ट्रॉय नगरीच्या लाकडी घोड्यावरून आले. बाहेरून उपयोगी दिसते, आत शत्रू लपलेला असतो. लग्नपत्रिका, दंडाची पावती किंवा सरकारी योजनेचा अर्ज असे सांगून पाठविलेली ‘एपीके’ फाइल बहुधा याच जातीची असते. एपीके म्हणजे अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर चढविण्याचे संपूर्ण अ‍ॅप. पत्रिका ही चित्र असू शकते. तिला अ‍ॅप असण्याचे कारण नाही. एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी मोठे संकट टळेल.

स्पॅम : अमेरिकेत १९३७ पासून डब्यातून विकल्या जाणाऱ्या मांसाचे हे नाव. १९७० मध्ये एका ब्रिटिश विनोदी मालिकेतील प्रसंगात उपाहारगृहाच्या प्रत्येक पदार्थात हेच असते आणि त्याच्या नावाच्या गजरात बाकीचे बोलणे बुडून जाते. नको असलेल्या संदेशांच्या भडिमाराला त्यावरून हे नाव मिळाले.

फिशिंग : उच्चार मासेमारीचा, लिहिण्याची पद्धत थोडी वेगळी. किनारपट्टीवरच्या आपल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगावा लागू नये. गळाला आमिष लावून पाण्यात सोडले जाते. मासा कोणता लागेल हे ठाऊक नसते. तसाच एक खोटा संदेश हजारो जणांना जातो. आमिष बक्षिसाचे असते किंवा भीतीचे : वीज तोडली जाईल, खाते गोठेल, पार्सल अडकले आहे. घाई करायला लावणारा संदेश दिसला की त्यामागे दोरी कोणाच्या हाती आहे, हे पाहावे.

ओळखीचे आणि व्यवहाराचे शब्द

पासवर्ड : मराठीत परवलीचा शब्द, पहाऱ्यावरील शिपायाला सांगायचा गुप्त शब्द. तो लांब असावा, आणि प्रत्येक खात्याचा वेगळा असावा. एका ठिकाणाहून चोरीस गेलेला शब्द चोर अन्यत्रही लावून पाहतात.

पिन : बँकेचा पिन म्हणजे व्यक्तीची ओळख पटविणारा क्रमांक. पत्त्यातील पिन वेगळा. तो टपालाचा निर्देशांक. सहा अंकांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी व संस्कृत कवी होते. टपालाचा पिन सर्वांना सांगावा, बँकेचा कोणालाही सांगू नये.

ओटीपी : ‘एकदाच चालणारा परवलीचा शब्द’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. व्यवहार आपणच करीत आहोत ना, हे पडताळण्यासाठी तो आपल्याकडे येतो. दुसऱ्याला तो सांगणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून देणे होय. बँकेचा खरा कर्मचारी ओटीपी विचारीत नाही.

केवायसी : ‘आपल्या ग्राहकाला ओळखा’ हा बँकांवर घातलेला नियम. त्यासाठी बँकेत जाऊन किंवा बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून कागदपत्रे देता येतात. अनोळखी दुव्यावरून ते काम कधीही करू नये.

यूपीआय आणि क्यूआर : यूपीआय ही बँक खात्यांतून तत्काळ पैसे पाठविण्याची भारतीय व्यवस्था २०१६ मध्ये सुरू झाली. क्यूआर हा चौकोनी ठिपक्यांचा संकेत जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीतील मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी विकसित केला. त्याच्या नावाचा अर्थ ‘जलद प्रतिसाद’. येथे एक नियम पाठच करावा : पैसे स्वीकारण्यासाठी पिन घालावा लागत नाही आणि समोरच्याचा क्यूआर टिपावा लागत नाही. तसे कोणी सांगत असेल तर पैसे येणार नसून जाणार आहेत.

कुलपाचे चिन्ह : संकेतस्थळाच्या पत्त्याजवळ कुलूप दिसले, तर आपले बोलणे वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढीच त्याची हमी. पलीकडचा मनुष्य प्रामाणिक आहे याची हमी ते देत नाही. चोराच्या घरालाही कुलूप असू शकते! म्हणून पत्ता नीट वाचावा. भारतातील बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली आणावीत, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ठरविले, ते ग्राहकांना खरे-खोटे ओळखता यावे यासाठीच.

स्क्रीन शेअर : आपला पडदा दुसऱ्याला दाखविणे. मदतीच्या नावाखाली अनोळखी माणसाने हे करायला सांगितले आणि आपण मान्य केले, तर आलेला ओटीपी त्याला न सांगताही दिसतो.

डिजिटल अरेस्ट : हा शब्द गुन्हेगारांनी बनविला आहे. चित्रफितीच्या संभाषणावरून कोणालाही अटक करण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही. गणवेशातला मनुष्य पडद्यावर दिसला, तरी संभाषण बंद करावे आणि घरच्यांना सांगावे. पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम पुढे सरकण्याआधी रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

जपण्याचे आणि पुसण्याचे शब्द

डाउनलोड, अपलोड : दूरच्या संगणकावरून आपल्याकडे घेणे ते डाउनलोड, आपल्याकडील तेथे पाठविणे ते अपलोड.

डिलीट, फॉरमॅट, रीसेट : फाइल डिलीट केली की ती प्रथम कचराकुंडीत जाते व काही काळ परत घेता येते. कुंडीतून काढल्यावरही पुष्कळदा अनुक्रमणिकेतील तिची नोंद तेवढी पुसली जाते, पान लगेच फाडले जात नाही. म्हणून चुकून पुसले गेल्यास त्या साधनावर नवे काही न साठविता जाणकाराला दाखवावे. फॉरमॅट करणे म्हणजे सारे कपाट नव्याने आखणे. फॅक्टरी रीसेट म्हणजे भ्रमणध्वनी कारखान्यातून आला तसा कोरा करणे. जुना भ्रमणध्वनी विकण्यापूर्वी ते अवश्य करावे. दुरुस्तीला देताना दुकानदाराने हा शब्द उच्चारला, तर आधी छायाचित्रांची प्रत घेतली आहे का, हे पाहावे.

सिंक आणि बॅकअप : यांतील फरक न कळल्याने फार हानी होते. सिंक म्हणजे दोन ठिकाणे सारखी ठेवणे. एकीकडे छायाचित्र पुसले की दुसरीकडूनही ते जाते. बॅकअप म्हणजे वेगळी राखून ठेवलेली प्रत; मूळ गेले तरी ती उरते. जाणकार तीन-दोन-एक असा नियम सांगतात : तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. घरच्या छायाचित्रांना हा नियम लागू आहे, तसाच तो संस्थांच्या हिशेबांना आणि स्नानसंस्कार व विवाहांच्या नोंदींच्या संगणकीय प्रतींनाही आहे. पुराच्या पाण्यात संगणक आणि त्याशेजारी ठेवलेली प्रत एकत्रच जातात.

अपडेट : आज्ञावलीतील सापडलेले दोष दुरुस्त करणारी नवी आवृत्ती. ती टाळल्यास ठाऊक असलेली खिंडारे उघडी राहतात. मात्र ती भ्रमणध्वनीच्या सेटिंगमधून किंवा अधिकृत भांडारातून घ्यावी, संदेशातील दुव्यावरून नव्हे.

नवे शब्द

अल्गोरिदम : काम पुरे करण्याच्या पायऱ्यांचा निश्चित क्रम. नवव्या शतकात बगदाद येथे होऊन गेलेले गणिती अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावाचे हे लॅटिन रूप. भारतीय अंकपद्धतीवरील त्यांच्या ग्रंथाच्या लॅटिन अनुवादामुळे युरोपला ही आकडेमोड समजली. म्हणजे या परक्या वाटणाऱ्या शब्दामागे आपलेच अंक उभे आहेत.

आर्टिफिशियल इंटेलिजन्स : कृत्रिम बुद्धिमत्ता. हे नाव जॉन मॅकार्थी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मधील एका प्रस्तावात योजले. आज संभाषण करणारी जी साधने या नावाने ओळखली जातात, ती प्रचंड मजकुरावरून शिकून पुढचा शब्द कोणता संभवतो याचा अंदाज बांधीत उत्तर रचतात. त्यामुळे त्यांची भाषा ओघवती असूनही माहिती चुकीची असू शकते. औषध, कायदा व पैसा यांविषयी त्यांचे उत्तर जाणत्या माणसाकडून पडताळून घ्यावे.

डीपफेक : या बुद्धिमत्तेच्या साहाय्याने घडविलेला खोटा चेहरा किंवा आवाज. परदेशी नोकरीस असलेल्या मुलाच्या आवाजात ‘आई, मी संकटात आहे, ताबडतोब पैसे पाठव’ असा दूरध्वनी येऊ शकतो. अशा वेळी तो बंद करून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः संपर्क साधावा. प्रत्येक कुटुंबाने आपसात एक घरगुती परवलीचा शब्द ठरवून ठेवला तर उत्तम.

ही यादी पूर्ण नाही. रोज नवे शब्द येतच राहतील. नवा शब्द कानी पडला की तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो : या कृतीने माझे काही बाहेर जाते, की काही आत येते? ते परत घेता येते का? आणि हे मला कोण सांगत आहे? तिन्हींचे उत्तर मिळेपर्यंत बोट पुढे करू नये. घरातील तरुण मंडळींनी ज्येष्ठांचे प्रश्न कंटाळा न करता ऐकावेत, आणि ज्येष्ठांनीही विचारण्यात संकोच बाळगू नये. फसविणारा नेहमी ‘कोणाला सांगू नका’ असे बजावतो, ते उगाच नव्हे. घरात कोणाला तरी विचारले की त्याचा डाव तेथेच उघडा पडतो.